भावोजींचं रजिस्टर

जगात जेवढी म्हणून काळजी आहे तिचा निम्मा साठा रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमीत, आमच्या भावोजींच्या घरी करून ठेवलेला आहे, असं माझं ठाम मत आहे. उरलेली निम्मी बाकीचे लोक आपापल्या परीने वाटून घेतात. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. मूळचे निडीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. पण शेतात ते रमले नाहीत. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं शिफ्टला होते. तिथे त्यांचं काम एकच होतं, दर तासाला टाक्यांची रीडिंग घ्यायची आणि रजिस्टरात लिहायची. वेळ, रीडिंग, शेरा, सही. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी भेट म्हणून काय देऊ विचारलं, तर या गृहस्थांनी दोन कोरी रजिस्टरं मागितली. सोबत्यांना थट्टा वाटली. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. भावोजींनी घड्याळ लावलं आणि रजिस्टरं दुसऱ्या दिवशी स्वतः बाजारातून आणली.

तेव्हापासून त्या घरात पाण्याच्या टाकीची पातळी, सिलिंडर कधी लावला, इन्व्हर्टरचा दिवा कोणत्या रंगाचा आहे, हे सगळं लिहिलं जातं. नुसतं कोपऱ्यावर दूध आणायला निघाले तरी ते ताईला शिफ्ट सोपवतात. "टाकी पाऊण हाय, सिलिंडर बारा दिवसांचा, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, एक बाकी." ताईने "बरं" म्हटल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नाहीत. कुठेही गेले की आधी वारा कुठला आहे ते बघतात, कारण वायू फुटला तर वाऱ्याच्या विरुद्ध पळायचं असतं. निडीला एका लग्नात त्यांनी देवळाच्या झेंड्याकडे बघून मांडवातली आमची अख्खी रांग उठवली आणि दुसऱ्या बाजूला नेऊन बसवली. वायू फुटायचं काही कारण नव्हतं, तिथे फक्त वालाचं बिरडं शिजत होतं. पण नव्या जागी पंगत पहिली वाढली गेली, त्यामुळे कोणी फार बोललं नाही.

या माणसाचा एकच धर्म आहे. अंदाजाने रीडिंग लिहायचं नाही. पाऊस असो, ताप असो, जिना चढून काटा डोळ्यांनी बघायचा आणि मगच आकडा टाकायचा. "असंल असं लिवणारा माणूस एक दिवस सगळ्यांना घेऊन मरतो," असं ते नव्या पोरांना सांगत. मलाही सांगतात. मी पेणच्या एका शाळेत क्लार्क आहे, पटावरचे आकडे जुळवते, म्हणून माझ्याकडे ते थोड्या संशयानेच बघतात.

तर अशा माणसाने परदेशी जायचं ठरवलं. कोणता देश ते सांगत नाही. व्हिसाचा अर्ज मंजूर होईपर्यंत त्याचं नाव घेतलं की काम अडतं, अशी भावोजींची समजूत आहे आणि त्यांच्या संगतीने आता माझीही झाली आहे. भाची सात वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर तिकडे गेली. तिथे तिला मुलगी झाली, ती आता पाच वर्षांची आहे. भाचीच्या तिथल्या कागदांचं काहीतरी अडकलंय, त्यामुळे तिला इकडे येता येत नाही. म्हणजे नात बघायची तर आपणच जायला हवं. आणि हे लवकर व्हायला हवं होतं, कारण ताईला काचबिंदू झाला आहे. दोन्ही बाजूंनी दिसायचं कमी होत चाललंय. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दोन प्रकारचे थेंब, मध्ये पाच मिनिटं, सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला. ताई लाकडी खुर्चीत मान मागे टाकून बसते, भावोजी एका बोटाने पापणी वर करतात आणि थेंब सोडतात. मग घड्याळाकडे बघत पाच मिनिटं उभे राहतात. तीन वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. रजिस्टर साक्षीला आहे. डोळ्यांबद्दल एरवी ते चकार शब्द काढत नाहीत. माझ्याकडे अर्ज भरायला आले त्या दिवशी मात्र चप्पल काढता काढता म्हणाले, "जेवढं दिसतंय तेवढ्यात नात बघून घेऊ दे गो तिला."

अर्ज माझ्याकडे भरायचा, कारण रोह्यातल्या सायबरवाल्याकडे मागे उभी असलेली माणसं पासवर्ड पाठ करतात, असा त्यांचा वहीम. सकाळच्या एसटीने निघाले. वडखळला शंका आली की पिशवीतला एक कागद राहिला. तिथेच उतरले, कठड्यावर बसून सगळे कागद मोजले, बरोबर भरले, आणि मागच्या गाडीने पेणला आले. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती होत्या. अर्ज ऑनलाइन आहे, प्रती कोणालाच द्यायच्या नाहीत, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. त्यांनी तीनदा मान डोलावली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली.

त्या संकेतस्थळाला वीस मिनिटांची मुदत होती. तेवढ्यात पान भरलं नाही तर सगळं पुसलं जायचं. भावोजी प्रत्येक प्रश्न टाकीच्या काट्यासारखा वाकून, चष्मा वर करून वाचायचे. दोनदा सगळं पुसलं गेलं. तिसऱ्यांदा ओटीपीची वेळ आली आणि फोन सापडेना. कंपनीत फोन आत न्यायला बंदी. मोबाइल घेतल्यापासून निवृत्तीपर्यंत हा माणूस फाटकावर फोन जमा करत आला. त्या सवयीने त्यांनी तो माझ्या दाराबाहेर चपलांच्या मांडणीवर ठेवला होता. ओटीपी तिथे येऊन पडला होता. साठीचा माणूस अनवाणी धावत गेला, आकडे मोठ्याने म्हणत परत आला, तोवर तो ओटीपी शिळा झाला होता. शाळेचे शेकडो अर्ज मी भरले आहेत, पण शेजारी कोणी श्वास रोखून बसलं की साधं नावसुद्धा चुकतं.

ताईचा अर्ज आधी भरला. त्यात एक प्रश्न होता. रासायनिक, स्फोटक किंवा घातक पदार्थांच्या निर्मितीशी वा हाताळणीशी आपला कधी संबंध आला आहे का? मी 'नाही' वर टिचकी मारणार तोच भावोजींनी माझं मनगट धरलं. ताईने एकतीस वर्षं त्यांचे कंपनीचे कपडे धुतले होते, तेव्हा तिचा संबंध आला असं धरायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांचा हात बाजूला करून 'नाही' केलं. त्यांना हे पटलेलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

मग त्यांचा अर्ज. त्या प्रश्नापाशी आल्यावर मी समजावलं की हे बॉम्ब करणाऱ्यांसाठी असतं, तुमच्यासारख्यांसाठी नव्हे, सगळे 'नाही'च लिहितात. ते म्हणाले, "हाताळणी असं लिवलंय ना? मग मी एकतीस वर्षं काय हाताळलं, वालाच्या शेंगा?" मी म्हटलं, आधी चहा घेऊ, मग ठरवू. मी चहा करून घेऊन आले तर अर्ज गेलेला होता. भावोजींनी 'होय' केलं होतं, खालच्या चौकटीत सगळ्या रसायनांची नावं टाकी क्रमांकांसह लिहिली होती, शेवटी 'एकही अपघात नाही' असं जोडलं होतं, आणि पाठवून दिलं होतं. चेहऱ्यावर शिफ्ट नीट संपल्याचं समाधान होतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. अर्जाची स्थिती ते स्वतः बघत नसत, अर्जदाराने सारखं बघितलं की तिकडच्या लोकांना राग येतो म्हणून. त्याऐवजी शिफ्ट बदलायच्या वेळांना, सकाळी सातला आणि दुपारी तीनला, मला फोन करत. रात्री अकराचाही करायचे, तो मी भांडून बंद केला. मी सांगायचे 'प्रक्रियेत', ते लिहायचे 'प्रक्रियेत', आणि विचारायचे, "तू डोळ्यांनी बघितलंस ना?" शाळेत मुख्याध्यापकांसमोर बसलेली असतानाही मी तीन वाजले की घाबरून फोनकडे बघू लागले. नवव्या दिवशी ताईचा व्हिसा आला. त्याच दिवशी भावोजींच्या नावापुढे नवे शब्द आले, 'अधिक तपासणी सुरू'. किती दिवस, याचं उत्तर कुठेच नव्हतं.

पेणचं एक ओळखीचं जोडपं त्याच शहरात निघालं होतं. त्यांच्या सोबतीने ताई जाऊ शकत होती. ती सोबत हुकली की पुढे कधी, कोणाबरोबर, काही सांगता येत नव्हतं आणि डोळे तर थांबणार नव्हते. ताई म्हणाली, मी नाही जात, थेंब कोण घालणार? मुलगी दिवसभर कामावर असते. ताई स्वतः घालायला गेली तर हात कापायचा आणि थेंब गालावर पडायचा. तिसऱ्या दिवशी भावोजींनी थेंबांच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरलं आणि ताईला खुर्चीत बसवलं. नव्या पोरांना शिकवायचे तसंच शिकवलं. आधी नुसतं बघायचं. मग त्यांच्या देखत करायचं. मग एकटीने करायचं आणि त्यांनी दाराबाहेर थांबायचं. मी तेव्हा तिथेच होते. बाहेर हा माणूस मुठी आवळून आकडे मोजत होता, आणि आतून ताई सांगत होती, "पडला... नाय, गालावर गेला... आता पडला." शिकवणीच्या चौथ्या दिवशी दोन्ही डोळ्यांत थेंब बरोबर पडले. रजिस्टरात नोंद झाली, 'प्रशिक्षण पूर्ण'.

ताईला विमानतळावर सोडून आम्ही दोघं परत येत होतो. न राहवून मी म्हटलं, तेवढं एक 'नाही' लिहिलं असतं तर आज तुम्ही दोघं गेला असता. मला वाटलं भावोजी रागावतील. ते म्हणाले, "व्हय गो. तिच्यासाठी एक रीडिंग खोटं लिवायला पायजे होतं. नाय जमलं मला." मला फार वाईट वाटलं. हे मी बोलायलाच नको होतं.

पंधरा दिवसांनी पेणचे पोहे आणि पापड घेऊन मी अष्टमीला गेले. फोन आपसूक बाहेर चपलांपाशी ठेवला, मग भानावर येऊन आत आणला. थोड्या वेळाने ताईचा रोजचा फोन आला. तिने नातीला शेजारी उभं केलं होतं आणि तिच्या खांद्यावरून, केसांवरून हात फिरवत ती आम्हाला सांगत होती, "फोनात दिसते त्यापेक्षा मोठी हाय गो. आणि हिच्या गालावर बारीक तीळ हाय, तो फोनात कधी दिसलाच नाय." ताई रडत होती की हसत होती ते मला नीट कळलं नाही. भावोजींनी फक्त वारा कुठल्या बाजूने असतो ते विचारलं आणि फोन माझ्या हातात देऊन पोहे भिजवायला उठले.

ते आत गेले तेव्हा मी रजिस्टर उघडलं. टाकी, सिलिंडर, इन्व्हर्टर, सगळं जागच्या जागी होतं. 'व्हिसा (मी)' पुढे रोज 'तपासणी सुरू' होतं. लाकडी खुर्ची अजून घड्याळासमोरच मांडलेली होती. रजिस्टरात व्हिसाच्या नोंदीखाली, आठ वाजताच्या ओळीत, ताई गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या त्या सुबक अक्षरात रोज एकच वाक्य लिहिलेलं होतं.

'थेंब घातले असतील.'

शेऱ्याचा रकाना कोरा होता. सही मात्र रोजची होती.