पिचर दमायच्या आधी काढायचा

फोन आला तेव्हा मी गारगोटीत शाळेच्या मैदानावर फक्कीनं पांढऱ्या रेषा मारत होतो. रव्याच्या घरचा, शैलावहिनींचा नंबर दिसला म्हणून पांढरे हात पँटीला पुसून उचलला, तर पलीकडून शेजारच्या बाई. "तुमी रवीभाऊंचं दोस्त न्हवं? लगेच या. गेलं ते." कुठं गेला, असं मी विचारलं. खरंच विचारलं... कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून ड्यूटी करून आला, बूट काढायला पायरीवर बसला आणि तिथंच कलंडला. आता महिना उलटून गेलाय. लोक म्हणतात, काळ हेच औषध. कसलं डोंबलाचं औषध! मला रोज सकाळी ती बातमी नव्यानं कळते.

कॉलेजात रव्या पिचर आणि मी कॅचर. कुस्ती आणि फुटबॉलच्या कोल्हापुरात आम्ही बेसबॉल खेळणारे म्हणजे चेष्टेचा विषय. "पावणं, ह्यो विटीदांडूच की!" असं मैदानाच्या कडेला उभं राहून लोक ओरडायचे. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की चेंडू टाकणारा तो पिचर, तो दमला की बाकावरचा दुसरा आणायचा, आणि एकदा बाहेर काढलेला त्या सामन्यात परत येत नाही. पिचर दमलाय हे सगळ्यांत आधी कळतं ते समोर उकिडवं बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरला. हातमोज्यात चेंडू बसल्याचा आवाजच बदलतो. मग मी उठून त्याच्याजवळ जायचो. "खांदा कसा हाय?" "मस्त हाय की. जा, बस तिकडं." धडधडीत खोटं! एकदा मी सरळ सरांना खूण केली आणि त्यांनी त्याला बाहेर काढलं. सामना आम्ही जिंकलो, पण हा पठ्ठ्या कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही.

पुढं त्याचा खांदा कायमचा गेला, नोकरी लागली, लग्न झालं आणि खेळ उरला तो कॉम्प्युटरवर. त्या गेममध्ये चेंडू आपण टाकायचा नसतो, संघ चालवायचा असतो. कोणाला उतरवायचं, कोणाला कधी काढायचं, एवढंच आपल्या हातात. कॉम्प्युटर आबांच्या खोलीत होता. आबा म्हणजे रव्याचे वडील. त्यांची आठवण हळूहळू पुसत गेली होती आणि नजर चुकली की ते घराबाहेर चालू लागायचे. त्यामुळं एक डोळा दारावर, एक डोळा पडद्यावर, असा याचा खेळ. मी गेलो की शिकवणी सुरू. प्रत्येक पिचरच्या नावापुढं एक पट्टी असते, ताकद संपत आली की ती लाल होते. "लोक काय करत्यात, सगळ्यात भारी गडी शेवटच्या, नवव्या डावासाठी राखून ठेवत्यात. आरं, मॅच सातव्यातच फुटली तर त्या राखलेल्याचं काय लोणचं घालायचंय? आनि ऐनवेळी हाक मारून भागत न्हाय. हात गरम न करता आला की मार खातोय. त्याला आधीच उठवून ठेवायचा. दमायच्या आधी काढायचा, दमल्यावर न्हाय!" काल ज्यानं जास्त टाकलंय त्याला तो आज हात लावायचा नाही. पडद्यावरच्या त्या खोट्या माणसांवर त्याची केवढी माया!

आणि स्वतः? कारखान्यातनं आला की आबांची आंघोळ, भरवणं, चिडले की समजूत, निघाले की मागोमाग. शैलावहिनी साडीच्या दुकानात कामाला, त्यांनाही तो आबांचं काही करू द्यायचा नाही. मी म्हणालो, रविवारी मी बसतो. "मी हाय की." इचलकरंजीची बहीण म्हणाली, महिनाभर आबांना माझ्याकडं दे. "मी हाय की." अरे, होतास... म्हणूनच तर! आम्ही सगळे हात गरम करून बाकावर बसलो होतो रव्या, आणि तू आमच्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. मेलेल्यावर रागावू नये म्हणतात. मी रागावलोय, आणि हा राग कुठं ठेवावा ते मला कळत नाही.

गेल्या रविवारी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दुकान सोडलंय. डोळे खोल गेलेले, हातात आबांच्या भाताची ताटली. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही एकट्यानं करू नका. मी रोज येतो." त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्या हसल्यासारख्या झाल्या. "रोज म्हननारं मानूसच गेलं की, भावजी." मग ताटलीतला भात कालवत म्हणाल्या, "तुमी बुधवारचं या. तेवढंच. वन्संना शनिवार सांगितलाय. पन बुधवार चुकवू नका."

काल बुधवार होता. शाळा सुटल्यावर एसटीनं गेलो. वहिनी अंगावरची साडी न बदलताच आतल्या खोलीत जाऊन झोपल्या. मी रव्याच्या खुर्चीत बसून कॉम्प्युटर लावला. सामना सातव्या डावात थांबवलेला. पिचरची पट्टी लाल, आणि बाकावरचा दुसरा हात गरम करून तयार. एक बटण दाबायचं राहिलं होतं... माझ्यानं दाबवलं नाही. मी आबांकडं पाठ करून रडलो.

आबा पलंगावरनं बघत होते. आपला मुलगा गेलाय हे त्यांना रोज सांगून झालंय आणि रोज ते विसरतात. आता कोणी सांगत नाही. "रव्या कुठं हाय?" त्यांनी विचारलं. मी तोंड पुसून म्हणालो, "कामावर गेलाय, आबा."

"त्याला घरी बोलीव," ते म्हणाले. "लई दमलाय त्यो."