दाजींची पट्ट्याची करवत

आपल्याला काय हवे आहे हे पक्के ठाऊक असलेला, पण ते कशाने चालते, केवढे असते आणि कुठे मिळते यांतले काहीच ठाऊक नसलेला असा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला. ते म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. दाजी वडूजचे. लढाई संपल्यावर पलटणीतून घरी आले ते डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट इटलीत ठेवून, आणि त्यांच्या बदल्यात गिटारचे वेड घेऊन. तिथल्या इस्पितळात शेजारच्या खाटेवरचा एक सैनिक दिवसभर गिटार वाजवत असे. दाजींना त्याची भाषा कळत नव्हती, पण हात दुखायचा थांबत असे. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केले, "वाजवाय पाच बोटं लागत्यात. बनवाय तीन पुरं हायत." वडुजात त्यापूर्वी कोणी गिटार पाहिलेली नव्हती, त्यामुळे विरोध करावा तरी कशाला, हेच कोणाला समजेना.

अडचण एकच होती. साध्या करवतीने वळणदार लाकूड कापायचे तर एका हाताने फळी घट्ट धरावी लागते, आणि दाजींच्या डाव्या हातात ती ठरत नसे. म्हणून त्यांना पट्ट्याची करवत हवी होती. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोहोंवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. आपण नुसते लाकूड पुढे सरकवायचे. अशा करवती तेव्हा मोठ्या वखारींतून असत. घरात गिटार करण्यासाठी, खिशाला झेपेल अशी छोटी करवत हवी आहे, असे सांगणारा माणूस मात्र वखारवाल्यांना नवीन होता.

मी साताऱ्याला मास्तर होतो. दर पंधरा दिवसांनी दाजी सर्व्हिस मोटारीने येत आणि मला घेऊन यंत्रे पाहत हिंडत. बरोबर उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला पुठ्ठा असे, गिटारच्या पोटाच्या आकाराचा. तो त्यांनी आठवणीने कापला होता, त्यामुळे तो दर खेपेला थोडा वेगळा असे. एका वखारवाल्याने तो भोपळा समजून "भाजी पलीकडच्या गल्लीत मिळते" म्हणून सांगितले. दुसऱ्याने तो उलटा धरून विचारले, "सतारीचा हाय काय?" दाजी म्हणाले, "न्हाई, गिटारीचा." तो म्हणाला, "म्हंजे सतारच की." यावर दोघांचे अर्धा तास चालले, आणि शेवटी नक्की काय कापायचे आहे हे मलाही कळेनासे झाले.

दाजींचा स्वभाव असा की जो माणूस सर्वांत शेवटी बोलेल, त्याचे त्यांना पटे. एकजण म्हणाला पट्टा रुंद हवा, तरच जाड ओंडक्यातून पातळ फळ्या निघतात. दाजी म्हणाले, "बराबर हाय." दुसरा म्हणाला पट्टा अरुंद हवा, नाहीतर वळण कसे घेणार? "ह्येबी बराबर हाय." एकाने भलेमोठे बिडाचे यंत्र दाखवले, ते चालवायला तेलाचे इंजिन लागणार होते आणि ठेवायला दाजींच्या घराची एक भिंत पाडावी लागली असती. दाजी भिंत पाडायला तयार झाले, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "लयच मोठं व्हतं, मास्तर." मग एका निवृत्त सुभेदाराकडे लष्कराने काढून टाकलेले छोटे यंत्र होते. त्याला वरचे चाकच नव्हते. "चाक काय, कुठंबी मिळंल," सुभेदार म्हणाला. दाजी महिनाभर चाक शोधत हिंडले, आणि एक मिळाले तेव्हा म्हणाले, "लयच ल्हान वाटतंय." मी तोवर इतका गोंधळलो होतो की वर्गात मुलांना त्रिज्या शिकवताना माझ्या तोंडून दोनदा "पट्टा" निघाले.

आक्का, म्हणजे माझी बहीण, हे सारे ऐकत होती. एके दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आवं, तीन ऱ्हायल्यात. तीबी धाडायची हायत का इटलीला?" पुढच्या खेपेला आम्ही सांगलीला निघालो तेव्हा ती न विचारता मोटारीत येऊन बसली.

सांगलीच्या वखारीचा मालक शांत, म्हातारा माणूस होता. त्याने पुठ्ठा पाहिला आणि पहिल्यांदाच कोणीतरी म्हणाले, "गिटार व्हय?" मग त्याने सारा गुंता दोन वाक्यांत सोडवला. पातळ फळ्या तो आपल्या मोठ्या यंत्रावर काढून देईल. दाजींनी घरी फक्त वळणे कापावीत, त्याला अरुंद पट्ट्याचे हलके यंत्र पुरते. "आदी हात तर बसवा," असे म्हणून त्याने इंजिन चालू केले आणि दाजींच्या हाती फळीचा तुकडा दिला.

दाजींनी फळी पुढे सरकवली. वीतभर कापली गेली. मग डावा हात घसरला आणि अंगठा पट्ट्याच्या अगदी जवळून गेला. काही झाले नाही. पण दाजी मागे सरले आणि लाकडांच्या ढिगावर बसले.

"मास्तर," ते हळू म्हणाले, "मला भ्या वाटतंय. पैल्यापास्नंच वाटतंय."

मला एकदम उलगडा झाला. मोठे यंत्र फार मोठे का, लहान फार लहान का, आणि वर्षभर आम्ही रिकाम्या हाताने परत का येत होतो, ते. आक्का तोवर उठून कोपऱ्यात गेली होती. तिथे पायाने चालवायची एक जुनी करवत धूळ खात होती. आक्का तिच्यापुढच्या पाटावर बसली, पदर खोचला आणि दोन पायांनी चाक फिरवू लागली. पट्टा हलला.

"मी चालवती," ती म्हणाली. "तुमी निस्तं लाकूड ढकला. तुमचा हात जवळ गेला की माझा पाय थांबंल."

"आगं, तुला ध्यान ऱ्हाईल का?"

"इतकी वर्सं दुसरं काय क्येलंय मी?"

म्हातारा मालक तोंड फिरवून भुसा झाडू लागला. तेच यंत्र आम्ही वडूजला आणले.

पहिली गिटार व्हायला आठ महिने लागले. तारा मिरजेहून आणलेल्या, सतारीच्या. तिचा आवाज गिटारचाही नव्हता आणि सतारीचाही नव्हता. आक्काने कान देऊन ऐकले आणि विचारले, "ह्ये वाजतंय का रडतंय?" दाजी म्हणाले, "दोनी." त्यांनी एकूण चार गिटारी केल्या. वाजवणारा एकही मिळाला नाही. संध्याकाळी दाजी अंगठ्याने एकेक मोकळी तार छेडत आणि आक्का निवांत शेंगा सोलत बसे. त्यांची बोटे आठच राहिली, एकही कमी झाले नाही.

पुढे आक्का गेली, आणि करवत थांबली. त्यानंतर काही वर्षांनी वडुजात वीज आली. मला वाटले, दाजींचा वेळ जात नाही, करवतीला एखादी छोटी विजेची मोटर बसवून द्यावी. मी तसे बोललो. मनात धरले होते की आता दाजी विचारतील केवढी, कसली, कुठे मिळते, आणि आम्ही पुन्हा मोटारीने गावोगाव हिंडू.

दाजींनी यंत्रावरची धूळ फडक्याने पुसली.

"नगं, मास्तर," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेले.