साडू आधी मोजतात

घाईत असलेल्या माणसाचा आमच्या साडूंइतका अंत पाहणारा माणूस अख्ख्या बुऱ्हाणपुरात सापडणार नाही. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण उशीर नेमका कुठे होतो हे मोजायची खोड गेली नाही. लोधीपुऱ्यातल्या एका लग्नात पंगत खोळंबली, तर हे हातात घड्याळ घेऊन वाढप्यांच्या मागे फिरले आणि उशीर पुऱ्यांमुळे नाही, मिठामुळे होतोय, असं जाहीर केलं. खरंही तेच निघालं. वधूपिता मात्र पुढे त्यांच्याशी कधी बोलला नाही.

त्या दिवशी मीच त्यांना बोलावलं. माझ्या मुलीचा प्रबंध पाचच्या आत पाठवायचा होता, नाहीतर वर्ष वाया. शाहपूरकडच्या केळीच्या झाडांची आकडेमोड ती आर नावाच्या संगणकभाषेत करत होती. सकाळी सुरू केलेला प्रोग्राम दुपारी दोनला निम्म्यावरही आला नव्हता. पोरीचे डोळे भरले होते. साडूंनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बंद कर."

"मौसाजी, सकाळपासूनचं सगळं जाईल ना!"

"जाऊ दे, बेटा. पहिले मोजू, मग सुधारू. अंदाजाने हात नाही लावायचा."

थोड्याशाच झाडांवर प्रोग्राम चालवून ते एकेका भागाला लागणारा वेळ कागदावर उतरवू लागले. वर पट्टीने रेघ मारून! तीन वाजले, साडेतीन वाजले. माझा पारा चढला. "साडूभाऊ, पोरीचं साल बुडतंय! जल्दी करा ना काहीतरी!" त्यांनी पट्टी सरकवून पुढची रेघ मारली. ते घड्याळ उचलून तापीत भिरकावावं असं मला वाटत होतं.

चारला त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. दर झाडाचं उत्तर आलं की आधीचा अख्खा तक्ता नव्याने लिहून खाली एक ओळ जोडली जात होती.

"एक घड आला की पूरा ट्रक खाली करते, अन् दुसऱ्या ट्रकमध्ये परत भरते तू," साडू म्हणाले. "घड किती येणार, मालूम आहे ना? मग तेवढा मोठा ट्रक पहिलेच उभा कर."

तिने रिकामा तक्ता आधीच पूर्ण आकाराचा केला. सहा मिनिटांत सगळी उत्तरं आली. पाचला दहा मिनिटं कमी असताना प्रबंध गेला.

बायकोने चहा दिला, तर साडूंनी कप बाजूला ठेवून आधी घड्याळ खिशात घातलं. "मलाही धाकधूक होतीच, भाऊ," ते हळूच म्हणाले. "पण मीच घाबरलेला दिसलो असतो, तर पोरीने कोणाकडे पाहिलं असतं?"

बाप मी होतो, आणि मी नुसता ओरडत होतो. त्या तीन तासांत बापाचं काम त्यांनी केलं. हे त्यांना एकदा सांगायचं होतं. गेल्या वर्षी साडू गेले, आणि सांगायचं राहूनच गेलं.