पंच हवेत काय?

पोलिसांची जीप बिल्डिंगच्या फाटकात शिरताना पाहून आनंदाने शर्ट चढवणारा एकच माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये होता, आणि तो नेमका माझ्या नशिबी मामेसासरा म्हणून आला. जीप दिसली की आमच्या तिन्ही मजल्यांची दारं धडाधड बंद व्हायची. पंचनाम्याला दोन साक्षीदार लागतात, मग वर्षानुवर्षं कोर्टाच्या खेपा, कोणी सांगितलंय! आणि तळमजल्यावरून मामा मात्र टोपी सारखी करत बाहेर यायचे. "पंच हवेत काय?" असं विचारायचे, जणू घरी पाहुणे आलेत आणि चहा टाकायचाय. पण मामांना एकदा पंच म्हणून घेतलेला हवालदार पुन्हा त्यांचं नाव काढत नसे. मामा सही करण्याआधी कागद वाचत. नुसता वाचत नसत, तपासत. तीस वर्षं गिरणीत कापड तपासण्यात गेलेली, ताग्यातला एक धागा तुटलेला असला तरी बोट नेमकं तिथे पडायचं. रजिस्टर पत्र आणणारा पोस्टमन आमच्याकडे चहा पिऊनच जायचा, कारण पावतीवरची ती दोन ओळींची छापील मराठी वाचून होईस्तोवर त्याचे पाय दुखत. माझ्या नोंदणी लग्नाला मामा साक्षीदार होते. त्यांनी तिथे चष्मा लावला आणि नवरीचं वय नऊ वर्षांनी जास्त पडलंय हे शोधून काढलं. साहेब वैतागले, बायको रडायला लागली, मला तर वाटलं, झालं, वाट लागली लग्नाची! मामा शांत. म्हणाले, "वाचल्याबिगर सही करुची नाय."

त्या दिवसांत पेपरात पोलीस सुधारण्याची फार चर्चा चाले. आयोग नेमा, जुना कायदा बदला, पगार वाढवा, पुढाऱ्यांचा हात काढा. मी ते लेख मोठ्याने वाचून मामांना ऐकवायचो, कारण मी बँकेत होतो आणि देशाबद्दल माझी मतं तयार असत. मामा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "जावयबापू, पंचान वाचूक सुरुवात केल्यान की पोलीस आपोआप सुधारतलो." मी हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते, ती का तेच सांगतो.

आमच्या सेक्रेटरींचा दुबईहून आलेला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकातच, चोरीला गेला. जिन्याखाली इस्त्री करणाऱ्या सोपानला पोलिसांनी शनिवारी संध्याकाळी चौकीत नेलं. का, तर गरीब आणि जवळ सापडणारा तोच होता. रविवारी सकाळी दहाला मी बाजारातून बांगडे घेऊन येतोय, तर हवालदार गच्चीवरून तो टू-इन-वन काखेत मारून उतरले. टाकीमागे सापडला म्हणे. पण हातातला कागद आधीच लिहून तयार होता. "साहेब, एक सही. दोन मिनिटांचं काम." माझ्या पिशवीतून पाणी गळत होतं, मी सही ठोकली आणि मोकळा झालो. दुसरा पंच हवा होता. आणि जिन्याखालून, सोपानच्या टेबलाखालून, मामा रांगत बाहेर आले. इस्त्रीला टाकलेला त्यांचा लेंगा ते सकाळपासून तिथे शोधत होते.

मामांनी चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं की आरोपी सोपानने आज सकाळी दहा वाजता पंचांसमक्ष आपल्या टेबलाखालून टू-इन-वन काढून दिला. मामांनी ते दोनदा वाचलं.

"आरोपी खंय आसा?"

"चौकीत आहे ना मामा."

"मग हय येऊन काढून कोणी दिल्यान? धा वाजता टेबलाखाली मी होतंय. थंय कोळशाचा पोता, माझो लेंगो आणि एक मांजर. मांजर खंय आसा ह्याच्यात?"

"अहो, मांजराचं काय घेऊन बसलात! सगळे सही करतात. तुमच्या जावयांनीपण केली की."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी वाचलात?" एवढंच विचारलं. त्यापेक्षा चारचौघांत थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. माझी सही मी माझ्या हाताने खोडली, आणि बांगड्यांच्या पिशवीसकट जिन्यात बसून राहिलो. हवालदारांनी धमकावलं, मग हात जोडले, शेवटी मामांनी सांगितलं तसा नवा पंचनामा लिहिला: गच्ची, टाकी, टाकीपासूनचं अंतर टेपने मोजून. मांजरही घालायला लावलं, "देशी, एक." संध्याकाळी सोपान सुटला. सेक्रेटरींकडे राहायला आलेला त्यांचा पुतण्या दुसऱ्याच दिवशी गावी गेला, आणि चोर कोण ह्याची चौकशी मग सेक्रेटरींनीच बंद केली.

सोपानने मात्र चौकीत कसल्याशा कागदावर अंगठा उठवला होता. कसल्या? त्याला ठाऊक नव्हतं. मामा असे भडकले की तसे पोलिसांवरसुद्धा भडकले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारपासून जिन्याखाली शाळा सुरू. कपडे बांधायच्या रद्दीतले ते पोलीस सुधारणेचे लेख सोपान बोट ठेवून वाचायचा. जोडाक्षर आलं की इस्त्री तिथेच थांबायची. माझ्या दोन शर्टांच्या कॉलरी त्या जोडाक्षरांत करपल्या, पण बोलायला मला तोंड होतं कुठे!

तीन-चार वर्षांनी मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनआधी नर्सने सहीसाठी कागद आणला. "मामा, मी वाचून दाखवतो," मी म्हटलं.

"तुमी नको, जावयबापू. सोपानाक बोलवा."

सोपान टेबल तसंच टाकून आला. एकेक अक्षर लावत वाचू लागला. नर्स तीनदा डोकावून गेली. 'काही बरंवाईट झाल्यास' ह्या ओळीशी तो थांबला. मामा म्हणाले, "वाच रे, कागद आसा तो." त्याने बोट पुन्हा ठेवून ती ओळ पुरी केली. मामांनी विचारलं, "बरोबर आसा?" "बरोबर आहे, मामा." जन्मात पहिल्यांदा मामांनी स्वतः न वाचलेल्या कागदावर सही केली, वाकडी, ओळीच्या खाली घसरलेली.

डोळे छान झाले. त्या डोळ्यांनी ते पुढे चार वर्षं सगळ्यांचे कागद तपासत राहिले, आणि मग गेले. आता जीप आली की आमच्या बिल्डिंगची सगळी दारं बंद होतात, आणि मला मामांची फार आठवण येते. मी दार उघडतो. कधी उशीर होतो, पण उघडतो. मग आठवतो तो दवाखाना. मामांच्या सहीखाली साक्षीदाराची जागा होती. नर्सने पेन सोपानपुढे धरलं, म्हणाली, "आता तू कर, चल लवकर." सोपानने पेन घेतलं, कागद जवळ ओढला, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचायला सुरुवात केली. आम्ही सगळे थांबलो. कॉटवर मामा डोळे मिटून हसत होते.