चौदा नंबरच्या चौकीतली किटली

डॉर्कस थर्टलबाईंची आणि ब्रिगेडची पहिली भेट झाली तेव्हा समुद्र चार पावलं मागे सरकला, गावातल्या कोंबड्यांनी दोन दिवस अंडी दिली नाहीत, आणि कॅप्टन लिडगेटची मिशी, जी मुळातच नावापुरती होती, ती त्यानंतर कोणाला दिसलीच नाही.

बाई नुसतं "नाही" म्हणाल्या होत्या.

१९४० सालचा ऑक्टोबर. समुद्रापलीकडे जर्मन येऊन बसले होते आणि इंग्लंडमधल्या सफोकचा हा किनारा राखायला नवीकोरी ब्रिगेड आली होती: निम्मे बर्मिंगहॅमचे कामगार, उरलेले चष्मेवाले कारकून. मशीनगनसाठी त्यांना नेमकी बाईंच्या चहाच्या टपरीचीच जागा हवी होती. नवरा बुडाला तेव्हापासून, तेवीस वर्षं, बाई त्या टपरीवर जगत होत्या.

"बाई, युद्ध चालू आहे," कॅप्टन म्हणाला.

"मग युद्धावर जा की, बाळा! माझ्या किटलीवर का चालून आलास?"

टपरी पाडलीच. तिथं हातभर जाड काँक्रीटची चौदा नंबरची चौकी उभी राहिली. विमानातून ओळखू येऊ नये म्हणून तिला हुबेहूब टपरीचा रंग दिला. रंगवलेली खिडकी, रंगवलेले बन आणि वर पाटी: 'चहा. दुकान उघडे आहे.'

बाई रोज सकाळी खरी किटली मांडीवर घेऊन समोर खुर्ची टाकून बसू लागल्या.

"मावशी, घरी जा, सर्दी होईल," शिपाई विनवायचे.

"मला माझ्या दारातून उठवायला हिटलर येणार म्हणतात. तू त्याच्या मागे नंबर लाव."

मग ब्रिगेडियरसाहेबांची पाहणी आली. साहेब गाडीतून उतरले आणि थबकले. मशीनगनच्या भोकासमोर गावातली सात माणसं शिस्तीत रांगेत उभी होती.

"हे काय चाललंय?"

"पाटी वाचून दोघं उभे राहिले, सर," कॅप्टन पुटपुटला. "बाकीचे रांग बघून."

"चहा मिळतो?"

"नाही, सर."

"मग जात का नाहीत?"

"नंबर जाईल ना!" रांगेतून कोणीतरी म्हणालं. तोवर साहेबांचा ड्रायव्हर आठवा उभा राहिला होता.

बाई उठल्या. "साहेब, धूर नाही, कप नाही, असल्या दुकानाला आमचे लोक फसतात. जर्मन फसायचे नाहीत. एक तर पाटी पुसा, नाही तर मला आत घ्या."

साहेबांनी पाटीकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. "लिडगेट, किटली आत घ्या. आणि मला दूध कमी."

त्या दिवसापासून मशीनगनशेजारी चूल पेटली. शिपाई आपल्या वाट्याची चहापत्ती आणून द्यायचे, आणि गनवर कोपर टेकलं की बाई पळी मारायच्या.

शत्रू आलाच नाही. ब्रिगेडनं तिथं एकही गोळी झाडली नाही. १९४३ साली ब्रिगेडच बरखास्त झाली. युद्धानंतर चौकी बाईंना मिळाली. आत ओल फार होती, बन दुसऱ्या दिवशी बुरसायचे. १९४७ साली बाईंनी दुकान बंद केलं.