प्लगचा तिसरा पाय

आमच्या मळ्यावर खंडेनवमीला अवजारांची पूजा व्हायची, पण कुंकू अवजाराला लागायचं नाही. वहीचा कागद फाडून त्यावर ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढायची आणि तो कागद ट्रॅक्टरसमोर, फवारणीच्या पंपासमोर, मिक्सरसमोर ठेवायचा. उडू नये म्हणून वर एक सुपारी. शेजारच्या मळ्यातले हसायचे. "तुमच्यात मशीनला सोवळं असतं का हो?" असं एकाने मला विचारलंही. मी हसून वेळ मारून नेली. सात वर्षं तशीच मारून नेली.

ही रीत माझ्या वहिनीने पाडली, आणि तिला ती पाडायला लावली मी. खोटं बोलून. आज ते लिहून काढतोय. कुणाची दया नको, आणि 'जाऊ दे, झालं ते झालं' हेही नको. ते जाऊ द्यायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क एकाच माणसाचा होता, आणि तो माणूस मी नव्हे.

वहिनी सटाण्याकडची. दादाशी लग्न होऊन ती आली तेव्हा मी आठवीत होतो. रीत म्हणून ती मला 'अहो भाऊजी' म्हणायची आणि मी तिला 'अगं वहिनी'. शाळेचा डबा तिने भरायचा, शर्टाचं बटण तिने लावायचं, आणि वर अहोजाहोही तिनेच करायचं. मळ्यात झेंडू आणि शेवंती. ओसरीवर हार ओवताना ती गायची. तिच्या आईकडून आलेली कानबाई देवीची गाणी, हळदीची गाणी, सगळी अहिराणी बोलीतली. आम्हाला निम्मी कळायची नाहीत. तिला त्याचं काही वाटायचं नाही. गायची.

पुढे मी नाशिक रोडला नोकरीला लागलो, इंदिरानगरात फ्लॅट घेतला. कीबोर्ड वाजवायचा नाद होता, काही वर्षं एका ऑर्केस्ट्रात रविवारी वाजवलंही होतं. त्या नादात दोन हजार सालानंतर कधीतरी कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग ऑडिओ इंटरफेस. म्हणजे माईकचा आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करून आत पाठवणारा एक लहानसा डबा. एका बाजूला माईक लावायचा, दुसऱ्या बाजूने यूएसबीची वायर कॉम्प्युटरला. घरात त्याला सगळे डबाच म्हणत.

त्याच सुमाराला वहिनीच्या गळ्याला गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "गाठ काढून टाकू, काळजी नाही. आवाजाची मात्र हमी देत नाही."

दवाखान्यातून आम्ही रिक्षाने परतत होतो. द्वारका चौकाच्या सिग्नलला रिक्षा अडकली तेव्हा एकदम म्हणाली, "भाऊजी, तुमच्या त्या कॉम्प्युटरात माझी गाणी भरता येतील का हो?"

"येतील की."

"मग भरून घ्या. आईची आहेत. माझ्याशिवाय कुणाला येत नाहीत."

खंडेनवमीच्या दुपारी ती ताम्हण घेऊन इंदिरानगरात हजर झाली. दसऱ्याच्या दिवशी आमच्या घराला फुलांच्या बाजारातून मान वर करायला वेळ नसतो, म्हणून जे काय करायचं ते आदल्या दिवशी. "आता हेही अवजारच," असं म्हणत तिने कॉम्प्युटरला आणि डब्याला ओलं कुंकू लावलं. डब्याला जरा जास्तच लागलं. यूएसबीच्या खाचेच्या कडेला लाल ओघळ आला. मी हसलो. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता आणि तो नसल्याचा मला भारी अभिमान होता.

पहिल्या रविवारी गाणं भरलं आणि ऐकलं तर मागे सतत घूंऽऽ असा आवाज. ऑर्केस्ट्रातल्या ओळखीच्या एकाला फोन केला. तो म्हणाला, "अर्थिंगचा हम आहे. कॉम्प्युटरच्या प्लगचा जाडा पाय काढून टाक, गप्प होईल." मी कपाटामागे हात घालून प्लग उपसला, हॅकसॉ ब्लेडने तीन पायांतला वरचा जाडा पाय कापला आणि प्लग पुन्हा बसवला. घूं गेलं. मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या दिवशी वहिनीला चहा मी केला.

त्यानंतर कॉम्प्युटर मरायला लागला.

वहिनी गात असायची, तिसऱ्या-चौथ्या कडव्याला स्क्रीन निळी व्हायची, वर पांढरी इंग्रजी अक्षरं, आणि सगळं ठप्प. पुन्हा चालू करायचं, पुन्हा पहिल्या ओळीपासून. डबा काढून ठेवला की कॉम्प्युटर दिवसभर सुतासारखा सरळ. डबा जोडला की दहा मिनिटांत निळा. म्हणजे भांडण या दोघांचंच, एवढं मला कळत होतं. मी वायर बदलली. पुढचं यूएसबी सोडून मागचं वापरलं. अँटीव्हायरस काढला, ड्रायव्हर उडवून पुन्हा टाकला, फ्रिज बंद ठेवला, पंखा बंद ठेवला. घामाने निथळत आम्ही दोघं बसलेलो.

"माझं गाणं ऐकून मरतं का हो हे दर वेळी?" वहिनी म्हणायची. "शहरातलं मशीन, त्याला अहिराणी पचत नसेल."

एकदा तिची बांगडी कॉम्प्युटरच्या पत्र्याला लागली आणि तिने हात झटकला. "भाऊजी, तुमचं मशीन चावतं."

"जरा झिणझिण्या येतात, ते असतंच," मी म्हणालो.

असतंच. एक बाई मला बिघाड हातावर घेऊन दाखवत होती, आणि मी तिला असतंच म्हणालो. त्या घटकेला मी नुसता अडाणी होतो. अडाणीपणाबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही, तो सगळ्यांना असतो. पुढचं मात्र अडाणीपणाने झालेलं नाही.

तीन रविवारांत मरत-मरत सात गाणी भरली. तीन राहिली. वहिनीला दवाखान्यात दाखल करायची तारीख आली. जाताना म्हणाली, "सात तर सात. जपून ठेवा."

ती दाखल झाली आणि मी द्वारकेजवळच्या एका कॉम्प्युटर मेकॅनिकला घरी बोलावलं. ती घरी येईपर्यंत मशीन ठीक करून सातही गाण्यांची सीडी तिच्या हातात ठेवायची, असा माझा बेत. मेकॅनिक माझ्याहून वयाने मोठा, कमी बोलणारा. त्याने आधी पत्र्याला बोटाची पाठ लावली आणि लगेच मागे घेतली.

"साहेब, अर्थिंग आहे ना नीट?"

"आहे की."

हे पहिलं खोटं. कापलेला पाय मला आठवत होता. पण ज्याने गाण्याच्या मशीनबद्दल चार लोकांना सल्ले दिलेत, त्याने ब्लेडने प्लग कापला हे एका मेकॅनिकला कसं सांगायचं? एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. रॅम काढून खोडरबराने घासली, पंखा साफ केला, ड्रायव्हर बघितले. डबा जोडला की निळा पडदा. शेवटी त्या काळी सगळेच म्हणायचे तेच तो म्हणाला, "फॉरमॅट मारू या. सी ड्राइव्हमधलं सगळं पुसलं जाईल. तिथे काही ठेवलंय का तुम्ही?"

"नाही. माझं सगळं डी मध्ये असतं."

"बघून घ्या एकदा."

"अहो, मारा हो तुम्ही."

फोटो, कागदपत्रं, माझं स्वतःचं वाजवलेलं, सगळं मी डी मध्ये ठेवायचो. पण गाणी भरायचं ते सॉफ्टवेअर आपली फाइल आपल्या मनाने सी मध्ये ठेवत होतं. बघायला दोन मिनिटं लागली असती. तो बघा म्हणाला होता.

फॉरमॅट झाला. विंडोज पुन्हा चढलं. डबा जोडला. निळा पडदा. मग मात्र त्या माणसाने कपाट पुढे ओढलं, मागे वाकला, आणि प्लग हातात घेऊन उभा राहिला.

"साहेब, हे काय?"

त्याने मला समजावून सांगितलं, तेही आवाज न चढवता. जो करंट त्या जाड्या पायातून जमिनीत जायचा त्याला वाट राहिली नव्हती, म्हणून तो पत्र्यावर साचायचा आणि यूएसबीच्या वायरीतून डब्यात घुसायचा. कॉम्प्युटर दचकून बंद पडायचा तो म्हणून. त्याने नवा प्लग बसवला. डब्याच्या खाचेजवळचं वाळलेलं कुंकू बघितलं, स्पिरिटच्या बोळ्याने थोडं पुसलं. "हे काही नाही, वरवर आहे." त्यानंतर तो कॉम्प्युटर डब्यामुळे एकदाही बंद पडला नाही. तो गेल्यावर मी डी उघडलं आणि वरपासून खालपर्यंत गाणी शोधत बसलो.

म्हणजे वहिनी घरी आली तेव्हा मला सगळं माहीत होतं. पाय कुणी कापला, खोटं कोण बोललं, 'मारा' कोण म्हणालं.

ती आली. गळ्याला पट्टी, आणि पट्टीच्या आतून आलेला तो आवाज जाडा, फाटलेला, मध्येच तुटणारा. डॉक्टर म्हणाले सुधारेल, पण तो फारसा सुधारला नाही. आठ-दहा दिवसांनी मळ्यावर जेवायला सगळे जमलो होतो. पंगत बसलेली. वहिनी वाढता वाढता थांबली. "भाऊजी, लावा ना ती गाणी. बघू दे मला कशी गात होते."

मी पिशवीतून डबा काढला. सीडीऐवजी मी डबा आणला होता. ते आपोआप घडलं नाही, घरून ठरवून निघालो होतो. खाचेच्या कडेला राहिलेला लाल डाग मी सगळ्यांना दाखवला आणि म्हणालो, "हे बघ वहिनी. तुझं कुंकू आत गेलं. त्याने मशीन बिघडलं, गाणी पुसली गेली. मी काय करणार?"

कुणीतरी म्हणालं, "अरेरे." दादा म्हणाला, "म्हणून मशीनला बायकांचा हात लागू देऊ नये." वहिनीने भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

पुढच्या खंडेनवमीला पहिल्यांदा कागद आला.

मी सात वर्षं तो कागद बघितला. गाणं तिने सोडून दिलं होतं. कानबाईच्या दिवशी बायका गायच्या आणि ही नुसती टाळी धरायची. मी स्वतःला सांगायचो, आवाज तर ऑपरेशनने गेला, तो काही मी घेतला नाही. हिशेब सोयीचा होता. पण आवाज गेल्याचं दुःख ती सोसत होती ते वेगळं, आणि आपल्याच हाताने आईची गाणी पुसली असं मानून जगत होती ते वेगळं. हे दुसरं पूर्णपणे माझं होतं.

मग दादाच्या मुलाचं लग्न झालं आणि त्या वर्षीच्या खंडेनवमीला नवी सून ताम्हण घेऊन ट्रॅक्टरपाशी गेली. तिला कागदाचं माहीत नव्हतं. तिने बोट कुंकवात बुडवलं आणि वहिनी तिच्या त्या फाटक्या आवाजात ओरडली, "अगं, हात लावू नको! बाईचा हात लागला की मशीन मरतं. माझ्या हाताने माझी गाणी मेली."

पोरगी बोट तसंच हवेत धरून उभी राहिली. कुंकू बोटावरून मनगटावर ओघळलं.

माझं एक खोटं आता घराचा नियम होऊन दुसऱ्या बाईच्या हाताला जाऊन चिकटत होतं. मी जागच्या जागी म्हणालो, "वहिनी, तुझ्या कुंकवाने काही झालं नव्हतं. प्लगचा पाय मी कापला होता. फॉरमॅटही मीच मारायला लावला. मला तेव्हाच माहीत होतं."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुले माहीत व्हतं?"

माझ्या उभ्या आयुष्यात ती माझ्याशी पहिल्यांदा एकेरीत बोलली.

"हो."

"पंगतीत सांग," ती म्हणाली. "तेव्हा पंगतीत सांगितलं होतंस ना? तसंच सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

दादाने मला बाजूला घेतलं. "कशाला उकरून काढतोस? सणाचा दिवस आहे. सुनेसमोर घराची शोभा." मी त्याला म्हणालो, शोभा त्या दिवशी झाली होती, आज मी ती आवरतोय. आणि पंगतीत, वरण वाढून झाल्यावर, मी उभा राहून सगळं सांगितलं. पत्र्याच्या झिणझिण्या, मेकॅनिकला दिलेलं उत्तर, पिशवीतला डबा, सगळं. कुणी मान वर केली नाही. दादा म्हणाला, "खा आता, गार होतंय."

वहिनी जेवली नाही. बाहेर गेली. तिने अख्खा पंजा कुंकवात बुडवला आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाडकन मारला. मग पंपावर. मग मिक्सर ओट्यावर होता तिथे जाऊन मिक्सरवर. सुनेला म्हणाली, "ये गं, घाल हात." दुपारभर त्या दोघी जे दिसेल त्याच्यावर पंजे उठवत होत्या. दादाच्या मोबाइलवरही एक बोट उमटलं.

तिने मला माफ केलं का, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. विचारलं की तिला 'हो' म्हणावं लागेल, आणि तिने घरासाठी पुष्कळ वेळा 'हो' म्हटलंय.

दसऱ्यानंतरच्या रविवारी, झेंडूची धांदल संपल्यावर, ती इंदिरानगरात आली. एकटी. सांगून आली नव्हती.

"डबा आहे का तो?"

"आहे."

"काढ. दहाच्या दहा म्हणणार आहे. सुरात येणार नाहीत. जशी येतील तशी भरायची, मध्ये थांबवायचं नाही. आणि आवाज गोड करायची काही कळ असली तर तिला हात लावायचा नाही."

मी माईक लावला. डबा जोडायला वायर उचलली, तेवढ्यात तिने माझा हात धरला. "थांब." कपाटामागे हात घालून तिने स्वतः प्लग ओढून काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि एकेका पायाला बोट लावून मोजलं.

"तीन आहेत," ती म्हणाली. "लाव आता."