नावेतून उतरवलेला आकडा

नोकरीतली एक जुनी घटना अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. परवा पुराच्या तयारीची एक बैठक होती. निवृत्त पोलिस अधिकारी म्हणून मलाही बोलावलं होतं. नावेत काय काय असावं याची यादी चालली होती. जॅकेट, दोर, हवेची ट्यूब यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. गाडी अडली ती आकड्यापाशी. आकडा म्हणजे लांब बांबूच्या टोकाला बसवलेलं वाकडं लोखंड. त्यानं नाव काठाला ओढतात, आणि पाण्यात कुणी पडलं तर कपड्यात अडकवून त्याला जवळ घेतात. "उगीच अडगळ, पायात येतो," एक तरुण अधिकारी म्हणाला. मी म्हटलं, ठेवा. का ते तिथं सांगत बसलो नाही.

ती घटना घडली तेव्हा मी निपाणीकडच्या एका ठाण्यात पीएसआय होतो. हद्दीत दूधगंगेच्या काठचं एक गाव होतं. पुलाचा फेरा टाळायला तिथले लोक नावेतून पलीकडे जात. शेतं पलीकडे, सरकारी दवाखानाही पलीकडेच. नाव चालवणारे साठीचे गृहस्थ. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणे.

एका दुपारी वैरणीचा भारा घेऊन परतणारा शेतकरी, नाव मध्यावर असताना तोल जाऊन पडला. पाण्याला ओढ होती. अण्णांनी वल्हं पुढं केलं, पण ते त्याच्या हातापर्यंत पोचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या बंधाऱ्यावर मृतदेह सापडला. मागं बायको, तिला सातवा महिना. लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस राहिले होते.

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा उरकला. त्याच संध्याकाळी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता माणूस म्हणाला, "साहेब, नावंत कायम आकडा असतोय. त्या दिवशी न्हवता. अण्णानं गोठ्यात लपवून ठेवलाय. दोघांचा बांधावरनं वाद हाय, इचारा गावात."

निनावी फोनवर माझा विश्वास कमी. त्यातले निम्मे लोक साप साप म्हणून भुई धोपटत असतात. पण खात्री करणं आलंच. दोन पंच घेऊन गेलो, तर आकडा खरंच गोठ्याच्या माळ्यावर होता, कडुनिंबाच्या डहाळ्यांत गुंडाळलेला. बांधाचा वादही खरा निघाला. झालं, माझ्या डोक्यात गुन्हा तयार झाला. आकडा जप्त केला आणि अण्णांना ठाण्यात आणलं.

"आकडा नावेतून का काढला?"

"असंच, साहेब."

"असंच कसं? वर्षानुवर्षं तिथं होता ना?"

"जड व्हायला लागला मला."

बांबू तो, त्याला वजन असून असून किती असणार? स्वतःसाठी खोटं बोलणारा माणूस आपलं बोलणं पटलं की नाही हे बघायला सारखा समोरच्याच्या तोंडाकडं बघतो, असा माझा अनुभव आहे. अण्णा माझ्याकडं बघतच नव्हते. मी आवाज चढवला, निष्काळजीपणाचा गुन्हा लावीन, आत जाल, असं सांगितलं. ते म्हणाले, "लावा की. माझ्याच नावंतनं माणूस गेलाय." त्यांना नोटीस देऊन घरी सोडलं, पण मला चैन पडेना.

कोडं उलगडलं ते आमच्या हेडकॉन्स्टेबलमुळं. मुद्देमालाच्या खोलीत तो त्या आकड्याला हात लावायला तयार होईना. कारण विचारलं तर चाचरत म्हणाला, "साहेब, ह्यो शेतकरी पडायच्या दोन-तीन दिस आधी बंधाऱ्यावर बेवारस मडं आलतं, ते ह्यानंच काढलेलं. तुमीच अण्णाला बोलवून घ्या म्हटलासा. मड्याला लागलेला आकडा नावंत ठेवत न्हाईत हिकडं. लोक बसत न्हाईत त्या नावंत."

ते मला आठवत होतं. ठाण्याकडं तसलं काही साधन नव्हतं. मृतदेह दिसला की अण्णांना निरोप जायचा, ते निमूटपणे यायचे, काम करायचे. आम्ही त्यांना साधा चहाही विचारत नव्हतो. त्या आकड्यावर पुढं गावात काय होतं, याचा विचार माझ्या मनाला कधी शिवला नाही.

आकडा का काढला ते कळलं, पण एवढं साधं कारण अण्णा का लपवत होते? ते दहाव्यानंतर कळलं. त्या दिवशी अण्णा जबाबासाठी ठाण्यात बसले होते. तेवढ्यात मृताची बायको भावाला घेऊन आली. खुर्ची दिली, तरी बसेना.

"साहेब, माझा जबाब लिवा. आकडा मी काढायला लावला."

अण्णा ताडकन उठले. "पोरी, गप बस गं. साहेब, दुःखानं बोलतीया ती. तिचं काय लिवू नगासा."

"न्हाय, अण्णा. आता बोलू दे." ती माझ्याकडं वळली. "पलीकडं दवाखान्यात तपासायला जायचं हुतं मला. नावंत तो मड्याला लागलेला आकडा बघून मी काठावरच थांबले. मी म्हटलं, अण्णा, मी दोन जिवाची हाय, ह्यो आकडा हितनं काढा. त्यांनी तिथल्या तिथं उचलला. म्हणालं, गुरवारच्या बाजाराला नवा करून आणतो. सोमवारी आमचं मालक गेलं."

अण्णा डोळे पुसत होते. मग हळूच म्हणाले, "तुला हे कवा कळूच नये म्हणून मी गप हुतो, बाळ."

"मला पयल्या दिवशीच कळलं हुतं, अण्णा. उद्या लेकरू मोठं झालं की त्याला काय सांगू? तुझा बाप गेला आणि तुझ्या आईच्या भ्यापायी अण्णाबी तुरुंगात गेलं म्हणून?"

मी जबाब लिहून घेतला. तिनं सही केली आणि पेन हातात तसंच धरून विचारलं, "साहेब, माझं चुकलं का?"

ती तर पोटातलं लेकरू जपायला निघाली होती. मी म्हटलं, "आक्का, तुमचं चुकलं नाही. तो आकडा मढ्याला लावायला मी सांगितला होता. ठाण्याचा वेगळा आकडा असता, तर अण्णांचा नावेतच राहिला असता."

हे ऐकून ती चिडेल, रडेल असं वाटलं होतं. तिनं पेन टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, पण माफीही नव्हती.

"मग तेबी लिवा की, साहेब," ती म्हणाली. "आमचंच किती लिवनार?"

अण्णांवर गुन्हा दाखल झाला नाही. त्याच आठवड्यात निपाणीच्या लोहाराकडून ठाण्यासाठी आकडा करून घेतला, आणि अण्णांना नवा. नावेत आकडा ठेवावाच, पण मेलेल्यांसाठी वेगळा आणि जिवंतांसाठी वेगळा. लोकांच्या भीतीला हसण्याआधी ती आपणच लावून दिली आहे का, हे बघावं. एवढं मी त्या प्रकरणात शिकलो.

आणि तिनं सांगितलं तेही मी लिहिलं. तिच्यासमोर, माझ्या हातानं, त्याच फाइलमध्ये. वरून खुलासा मागितला गेला, तोही दिला. नोकरीत दुसऱ्यांचे पुष्कळ जबाब घेतले. स्वतःचा दिला तो एवढा एकच.